आधी मागणं, मग नावं: ऑटिझम असलेल्या मुलाला घरी बोलणं कसं शिकवायचं

भिंतीवर फळांचा तक्ता, शेजारी प्राण्यांचा, त्याच्या खाली रंगांचा. आई बोट ठेवून विचारते, "हे काय?" आणि चार वर्षांचा मुलगा न चुकता "हत्ती" म्हणतो. अशी तीसेक नावं त्याला पाठ आहेत. पण तहान लागली की तो आईचं मनगट धरून तिला ओढत स्वयंपाकघरात नेतो, आणि काय पाहिजे ते तिला कळलं नाही की जमिनीवर डोकं आपटतो. विशेष शिक्षिका म्हणून मी ज्या घरांत जाते, तिथे हे वारंवार पाहते. आईबाबांनी मेहनत कमी केलेली नसते. क्रम उलटा झालेला असतो. शब्द म्हटला की समोरच्या माणसाकडून काही मिळतं, हे मुलाला उमगण्याआधीच त्याच्याकडून नावं पाठ करून घेतलेली असतात.

म्हणून पुढचे टप्पे मागण्यापासून सुरू होतात. साधारण दोन ते सात वर्षांचं मूल, अजिबात न बोलणारं, दोनचार शब्द बोलणारं किंवा ऐकलेलं जसंच्या तसं परत म्हणणारं, डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिलं आहे. निदान पक्कं व्हायची वाट पाहायची गरज नाही. मागायला शिकल्याने कुठल्याच मुलाचं नुकसान होत नाही.

पूर्वतयारी: पहिला आठवडा काही शिकवू नका

कान तपासून घ्या. "टीव्हीची जाहिरात लागली की पळत येतो, म्हणजे ऐकू येतं" हा अंदाज पुरेसा नाही. काही विशिष्ट आवाजच ऐकू न येणं किंवा कानात पाणी साचून कमी ऐकू येणं, हे घरच्या निरीक्षणात सुटतं. बेरा आणि ओएई या ऐकण्याच्या तपासण्या झोपलेल्या मुलावरही करता येतात. अनेक जिल्हा रुग्णालयांत लहान मुलांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, तिथे आधी चौकशी करा. मुंबईत वांद्र्याला बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. आधी येत असलेले शब्द गेले असतील, किंवा मूल मध्येच काही क्षण एकटक हरवत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना हे लगेच सांगा.

घरात जी भाषा मनापासून बोलली जाते, तीच ठेवा. "शाळा इंग्रजी आहे, मुलाचा गोंधळ होईल, मराठी बंद करा" असा सल्ला अजूनही दिला जातो. दोन भाषांच्या घरात वाढल्यामुळे ऑटिझम असलेल्या मुलांची भाषा मागे पडते, असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. उलट, आजी मराठीशिवाय काही बोलत नाही आणि आई तुटक इंग्रजीत तीन-तीन शब्द बोलते, अशा घरात मुलाच्या कानावर पडणारी भाषाच आटते. तुमच्याकडे "पायजे" म्हणत असतील तर "पायजे"च शिकवा.

आता एक वही घ्या. आठवडाभर दोनच गोष्टी लिहा: मुलाला काय आवडतं, आणि ते मिळवण्यासाठी ते आत्ता काय करतं. आवडीचा अंदाज बांधू नका. दोन वस्तू समोर ठेवा आणि हात कुठे जातो ते बघा. कुणाला कुरमुरे आवडतात, कुणाला साबणाचे फुगे, कुणाला झोका, कुणाला कुकरची शिट्टी हातात घेऊन फिरवणं. विचित्र वाटलेली आवडसुद्धा लिहा, पुढे तीच उपयोगी पडते. खाऊ निवडताना काळजी घ्या: अख्खे शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न लहान मुलांच्या घशात अडकू शकतात.

शेवटचं आणि सगळ्यात अवघड काम म्हणजे घरच्यांचं एकमत. आजीला नातवाच्या नजरेवरून कळतं की त्याला बिस्कीट हवंय, आणि ती लगेच देते. ते प्रेमच आहे. पण मुलाला मागायची वेळच येत नाही. आजीला "देऊ नका" म्हणू नका. तिला सांगा, "तुम्हीच द्या, फक्त त्याने मागितल्यावर." मुलाने पहिल्यांदा मागितलं ते आजीकडेच, असं मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे.

तपासून बघा: वहीत निदान सहा आवडत्या गोष्टी आहेत का? त्यातल्या तीन खाण्याच्या नसलेल्या आहेत का? नसतील तर आणखी तीन दिवस थांबा.

टप्पा १: मागावं लागेल अशी घराची मांडणी

आवडती वस्तू दिसेल पण हाताला लागणार नाही, अशी ठेवा. कुरमुरे घट्ट झाकणाच्या पारदर्शक बरणीत, मोटार फडताळाच्या वरच्या कप्प्यात, फुग्यांची बाटली तुमच्या हातात. एका वेळी थोडंच द्या: पाच-सहा कुरमुरे, चार झोके. वाटीभर दिलंत तर मागण्याची एकच संधी मिळते. चिमटीने दिलंत तर दहा मिळतात.

सावधान: पाणी, जेवण, शौचाला जाणं आणि मुलाला धीर देणारी वस्तू (गोधडी, बाहुली, एखादी दोरी) मागण्यासाठी कधीही अडवून ठेवू नका. भुकेलेलं किंवा घाबरलेलं मूल शिकत नाही.

टप्पा २: पहिलं चित्रकार्ड

मूल बोलत नसेल तर सुरुवात कार्डाने करा. ही रीत १९८५ साली अमेरिकेत अँडी बाँडी आणि लॉरी फ्रॉस्ट यांनी बसवली आणि आज जगभर वापरली जाते. आईबाबांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कार्डाची सवय लागली तर तो बोलायचाच राहील का? नाही. चित्र किंवा यंत्र वापरल्याने बोलणं अडल्याचा पुरावा नाही. काही मुलांचं बोलणं तर त्यामुळे वाढतं.

कार्ड साधारण दोन इंच बाय दोन इंच, तुमच्याच घरातल्या वस्तूच्या फोटोचं. गुळगुळीत कागदावर छापून लॅमिनेशन करा, मागे वेल्क्रो लावा.

या टप्प्याला दोन मोठी माणसं लागतात. हे सोडू नका, बहुतेक घसरण इथेच होते. एक माणूस मुलासमोर बसतो, त्याच्याकडे कुरमुरे. दुसरा मुलाच्या मागे बसतो आणि तो बोलत नाही, एक शब्दही नाही. मध्ये एकच कार्ड. मूल कुरमुऱ्यांकडे हात लांबवतं, त्याच क्षणी मागचा माणूस हलकेच त्याचा हात कार्डाकडे नेतो, कार्ड उचलायला आणि समोरच्याच्या तळहातावर ठेवायला मदत करतो. कार्ड हातात पडताच समोरचा म्हणतो "कुरमुरे!" आणि देतो. मध्ये "शाबास, किती हुशार" नको. कुरमुरे हीच शाबासकी.

मदत शेवटाकडून कमी करत या. आधी कार्ड सोडणं मुलाचं मूल करू दे, मग हात पुढे नेणं, मग उचलणं. मुलाने हात ओढून घेतला तर जबरदस्ती नको, थांबा, वस्तू बदलून बघा.

यातल्या चुका अशा:

- समोरचा माणूस "काय पाहिजे? दे मला कार्ड" असं बोलतो. मग मूल प्रश्नाची वाट पाहायला शिकतं, आपणहून मागायला शिकत नाही. तळहातही आधीच पसरू नका, मुलाचा हात पुढे आल्यावर उघडा.
- "आधी माझ्याकडे बघ." नजर मिळवण्याची सक्ती करू नका. बऱ्याच मुलांना एकाच वेळी बघणं आणि ऐकणं जड जातं. कार्ड तुमच्या हातात आलं, संवाद झाला.
- पहिल्याच दिवशी दहा कार्डं.
- मूल कंटाळेपर्यंत बसणं. एका बैठकीला आठ-दहा वेळा पुरे, दिवसातून तीन-चार बैठका. आवड टिकून असतानाच उठा.

तपासून बघा: मागच्या माणसाशिवाय, तीन वेगवेगळ्या माणसांना, लागोपाठ दोन दिवस मूल कार्ड देतंय का? तरच पुढे.

टप्पा ३: उठून जाऊन मागणं

आत्तापर्यंत कार्ड मांडीपाशी होतं. आता ते दोन हात लांब ठेवा, मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला. तुम्हीही लांब जा, पाठ करून उभे राहा, भाजी चिरत राहा. मुलाने कार्ड काढून, तुमच्यापर्यंत येऊन, तुमचा हात शोधून ते द्यायचं आहे. रोजच्या जगण्यात माणूस समोर बसून वाट पाहत नाही, म्हणून हा टप्पा.

कार्डांची छोटी वही करा आणि ती मुलाच्या उंचीवर, एकाच जागी ठेवा. बऱ्याच घरांत ही वही खराब होऊ नये म्हणून कपाटात जाते आणि थेरपिस्ट आल्यावरच बाहेर निघते. खराब होऊ दे. कार्डं फाटतात, हरवतात, चावली जातात. प्रत्येकाच्या दोन प्रती करून ठेवा.

टप्पा ४: निवडणं, आणि "नको" म्हणणं

आता दोन कार्डं: एक कुरमुऱ्यांचं, दुसरं मुलाला काडीचाही रस नसलेल्या वस्तूचं, समजा मोज्याचं. त्याने मोज्याचं कार्ड दिलं तर मोजाच द्या. "नाही नाही, चुकलं" नको. तो मोजा भिरकावेल आणि पुढच्या वेळी चित्राकडे बघेल. तसं झालं नाही तर बोटाने बरोबर कार्ड दाखवा, ते द्यायला लावा, क्षणभर दुसरं काहीतरी करा (टाळी द्या, गुडघ्यावर थोपटा) आणि पुन्हा संधी द्या. मधली ही छोटी फट राहिली नाही तर मूल फक्त "पहिलं चुकतं, दुसरं बरोबर असतं" एवढंच शिकतं.

मग दोन्ही आवडत्या वस्तू. त्याने कार्ड दिलं की दोन्ही वस्तू ताटलीत पुढे करा आणि "घे" म्हणा. कार्डाशी जुळणारी उचलली तर चित्र खरंच कळलंय.

याच टप्प्यात नकार शिकवा. माझ्या अनुभवात हा भाग सगळ्यात जास्त वगळला जातो, आणि सगळ्यात जास्त फरकही यानेच पडतो. चावणं, ओरबाडणं, ताट उडवणं यातलं कितीतरी "नको" म्हणता न आल्यामुळे होतं. नावडती भाजी चमच्यात घेऊन पुढे करा. चेहरा वळायला लागताच मागच्या माणसाने "नको"चं कार्ड द्यायला मदत करायची, बोलणाऱ्या मुलाला कानाशी "नको" सांगायचं. आणि चमचा त्याच क्षणी मागे घ्यायचा, "एकच घास" नाही. पहिले काही आठवडे त्याच्या प्रत्येक "नको"चा मान राखा, नाहीतर तो शब्द पोकळ ठरेल आणि चावणं परत सुरू होईल.

मग आंघोळ, औषध, दात घासणं? तिथे विचारूच नका. "आंघोळ करायची का?" हा प्रश्न आहे आणि प्रश्नाला "नको" हे योग्य उत्तर आहे. "आता आंघोळ. लाल तांब्या की निळा?" असं म्हणा.

"नको" बसलं की "मदत", "अजून" आणि "पुरे" घ्या. "मदत"साठी घट्ट झाकणाची ती बरणी मुलाच्याच हातात द्या आणि बघत बसा.

टप्पा ५: शब्द

इथपर्यंत आलेलं मूल काहीतरी आवाज काढायला लागतं, किंवा आधीपासून थोडं बोलत असतं. आता कार्ड हातात पडल्यावर वस्तू देण्याआधी किंचित थांबा. मनात पाच आकडे मोजा. पाच सेकंद गप्प बसणं मोठ्यांना फार लांब वाटतं, आणि आपण तिसऱ्या सेकंदाला बोलून टाकतो. आवाज आला तर उत्तम, आला नाही तरी कार्डाच्या बदल्यात वस्तू द्यायचीच. बोलण्यासाठी कार्ड अडवायचं नाही.

"पाणी"ऐवजी "पा" आलं? पाणी द्या. "नीट म्हण, पा-णी" असं तीनदा म्हणायला लावलं तर पाणी मिळेपर्यंत तहानही जाते आणि हिंमतही. तुम्ही फक्त पूर्ण शब्द म्हणून दाखवा: "पाणी. घे."

नामांच्या मागे न लागता क्रियापदं लवकर घ्या. मराठीत ही सोय फार चांगली आहे: दे, घे, ये, जा, बस, ठेव, काढ, लाव, उघड, ओत. आज्ञार्थी रूप हेच सगळ्यात छोटं रूप. "दे" एका शब्दात शंभर वस्तू मागता येतात, "उघड"ने बरणी, दार, नळ, दप्तर. "हत्ती" म्हणून घरात काहीच मिळत नाही.

मूल एक शब्द बोललं की तुम्ही एक वाढवा. तो "पाणी" म्हणाला, तुम्ही "गार पाणी" म्हणा. तो "गाडी दे", तुम्ही "लाल गाडी दे". वाक्यं छोटी ठेवा, पण मोडकी नकोत. "बॉल टेबल" नाही, "बॉल टेबलावर". "वर", "खाली", "ला", "ने" हे तुकडे गाळले तर ते मुलाच्या कानावर येणार कुठून?

प्रश्न कमी करा. एक दिवस फोनवर दहा मिनिटं स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करून ऐका. "हे काय? हा कुठला रंग? गाय कशी ओरडते?" यापलीकडे काही सापडणं कठीण जातं. चार वेळा सांगा, मग एकदा विचारा. "फुगा वर गेला. मोठा फुगा. फुटला!" आणि थांबा.

सावधान: आवाज फारच कमी निघत असतील, सतत लाळ गळत असेल, चावता-गिळताना त्रास होत असेल, तर हा टप्पा वाक् उपचारतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच करा. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का ते विचारा, आणि उपचार चालू असताना आईबाबांना आत बसू देतात का, तेही. बंद दारामागे काय शिकवलं ते माहीत नसेल तर घरी पुढे काय करणार?

टप्पा ६: पोपटपंची, "तुला-मला" आणि "खातो-खाते"

आई विचारते, "तुला पाणी पाहिजे का?" मूल म्हणतं, "तुला पाणी पाहिजे का?" हे वेड्यासारखं बोलणं नाही. हे वाक्य म्हटलं जातं तेव्हा पाणी येतं, एवढं त्याने बरोबर हेरलंय. त्याला मागता आलंय, फक्त वाक्य आईच्या बाजूचं आहे.

म्हणून वाक्य त्याच्या बाजूचं ऐकवा. समोरून हला, त्याच्या शेजारी किंवा मागे या, आणि जसं त्याने म्हणायला हवं तसंच म्हणा: "मला पाणी पाहिजे." प्रश्न नाही, "असं म्हण" नाही. पुढे असलेल्या बाबांनी पाणी द्यायचं. "'मला' म्हण रे, 'तुला' नाही" हे समजावणं व्यर्थ आहे, कारण "तू" आणि "मी" बोलणाऱ्याप्रमाणे फिरतात आणि समजावताना आपण ते आणखी फिरवतो.

"पाहिजे" की "हवं"? सुरुवातीला "पाहिजे". चेंडू हवा, पोळी हवी, पाणी हवं: वस्तूचं लिंग बदललं की शब्द बदलतो. "मला चेंडू पाहिजे, मला पोळी पाहिजे, मला पाणी पाहिजे" यात बदलायची फक्त वस्तू. कार्डांच्या वहीतही पट्टीवर "मला" आणि "पाहिजे" ही दोन कार्डं पक्की ठेवा, मध्ये वस्तूची जागा मोकळी.

आणखी एक अडचण आपल्या भाषेची. मुलगा दिवसभर आई, आजी, शिक्षिका यांच्यात असतो, म्हणून "मी जाते", "मी खाते" म्हणतो. पाहुणे हसतात, कुणी "मुलगी आहेस का?" विचारतं. तो जसं ऐकतो तसं बोलतो, यात दुसरं काही नाही. बाबा, काका, मोठा भाऊ यांनी रोज दहा मिनिटं त्याच्याबरोबर काम करता करता बोलावं: "मी पाणी ओततो. मी दार लावतो." तसंच बाबांबरोबर जास्त असणाऱ्या मुलीच्या बाबतीत उलट.

काही मुलं अख्खी वाक्यं उचलतात आणि दिवसांनंतर भलत्याच वेळी म्हणतात. एक मुलगी कुठेही लागलं की "पळू नको म्हटलं होतं ना!" म्हणायची. पहिल्यांदा पडली तेव्हा हेच ऐकलं होतं. नोंदींच्या वहीत तीन रकाने करा: वाक्य, केव्हा म्हटलं, अर्थ काय असावा. मग वाक्याला नाही, अर्थाला उत्तर द्या: "लागलं. गुडघा दुखतोय." काही दिवसांनी तिने "दुखतोय" उचललं.

टप्पा ७: घराबाहेर, आणि मागण्यापलीकडे

आईजवळ बोलतो पण शाळेत गप्प, अशी तक्रार येते तेव्हा शाळेत मागायची सोयच केलेली नसते. कार्डांच्या वहीची दुसरी प्रत शाळेत द्या, बाईंना "नको", "मदत" आणि "शू" ही तीन कार्डं आधी समजावून सांगा. मग ओळखीचा दुकानदार: गर्दी नसताना जा, त्यांना आधी सांगून ठेवा की पाच आकडे थांबा. मूल दुकानदारांना "बिस्कीट दे" म्हणेल, "द्या" नाही. ते सध्या तसंच राहू द्या. आदरार्थी रूप नंतर शिकवता येतं.

कार्डांऐवजी फोनवर किंवा टॅबवर चित्रं दाबून बोलायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात तयार झालेलं जेलो हे अॅप मोफत आहे आणि मराठीतही चालतं. त्या टॅबवर कार्टून ठेवू नका, बोलायचं साधन आणि करमणूक एकाच पडद्यावर आली की बोलणं हरतं. आणि कुणी मुलाचा हात किंवा कोपर सतत धरून त्याच्याकडून लांब लांब वाक्यं टाइप करून घेत असेल तर तिथून निघा. तपासण्यांत ती वाक्यं हात धरणाऱ्याचीच असल्याचं पुन्हा पुन्हा दिसलं आहे. आपण दुसऱ्या टप्प्यात दिलेली मदत काही दिवसांत संपते, ती मदत कधीच संपत नाही.

आता नावांची आणि सांगण्याची वेळ. मागण्यासाठी वापरलेले शब्द आधी घ्या, तक्ता नाही. रोज फोनवर तीन फोटो काढा: बसमध्ये, आजीकडे, कुत्रा दिसला तेव्हा. रात्री अंथरुणात ते दाखवा आणि प्रश्न न विचारता सुरुवात करून सोडा: "आज बस..." पाच सेकंद. "आली" आलं तर आलं. नाहीतर तुम्हीच म्हणा आणि पुढचा फोटो काढा. काही मुलं इथून सुटी वाक्यं बोलू लागतात, काहींची भाषा पुढेही कार्डांची किंवा अॅपचीच राहते. तिलाही तेवढ्याच तत्परतेने उत्तर द्या, वही तेवढीच अद्ययावत ठेवा.

दर पंधरा दिवसांनी पहिल्या आठवड्याची नोंद काढा आणि तेच दोन प्रश्न पुन्हा लिहा: त्याला काय आवडतं, ते मिळवण्यासाठी तो आत्ता काय करतो. महिनाभर उत्तर बदललं नसेल तर एक टप्पा मागे जा आणि नवीन आवडती वस्तू शोधा. कुरमुऱ्यांचा कंटाळा आलेला असतो आणि आपल्याला वाटतं मूल अडलंय.